पुळणीवरची मॉरिस

मी गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो. एका हातात टॉर्च, पाय गॅरेजच्या दाराबाहेर. क्लच आणि ब्रेक, दोन्ही पेडलांवर लाकडी ठोकळे बसवलेले होते. फणसाचं लाकूड, दोन इंच जाड, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला, खालून पितळी स्क्रू. काम सुबक होतं. पण मॉरिस मायनर काही असे ठोकळे घेऊन कारखान्यातून बाहेर पडत नाही.

"डॉक्टर, हे ठोकळे कोणी बसवले?" मी आतूनच विचारलं.

बाहेर खुर्चीवर बसलेल्या डॉक्टर लिमयांनी उत्तराला जरा वेळ लावला. "त्या नटीसाठी. शूटिंगच्या वेळी."

"बुटक्या होत्या का त्या?"

"असतील. मी काय मोजायला गेलो नव्हतो."

मी बाहेर आलो, कपडे झटकले आणि वहीत लिहिलं: पेडलांवर जादा ठोकळे, कारण विचारले, उत्तर समाधानकारक नाही. ही माझी सवय. पटलं नाही तर वाद घालायचा नाही, लिहून ठेवायचं.

मी सर्व्हेअर होतो. जमीन मोजणारा नव्हे, गाड्या तपासणारा. आंब्याचा ट्रक घाटात कलंडला की विमा कंपनी मला पाठवायची. काय मोडलं, कशानं मोडलं, दुरुस्तीला किती लागेल, याचा रिपोर्ट मी द्यायचो. जोडीला व्हॅल्युएशनची कामं. म्हणजे जुन्या गाडीची आज काय किंमत करावी, ते सही-शिक्क्यानिशी सांगायचं. ऐंशीच्या दशकातल्या रत्नागिरीत हे काम करणारे आम्ही दोघंच होतो, आणि दुसऱ्यांना पाठदुखीमुळे गाडीखाली शिरता येत नसे. त्यामुळे वेडीवाकडी कामं माझ्याकडे यायची.

हे त्यातलंच. मुंबईहून रमाकांत धुरी नावाच्या गृहस्थांचा ट्रंक कॉल आला होता. त्यांचा पत्र्याचे डबे बनवण्याचा कारखाना होता आणि सिनेमात दिसलेल्या मोटारी जमवण्याचा छंद. तोवर तीन जमवल्या होत्या. चौथी रत्नागिरीच्या मांडवीला लिमये डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये आहे, असं त्यांना कळलं होतं.

"साळवीसाहेब, गाडीची किंमत मला नका सांगू," ते फोनवर ओरडून म्हणाले. लाइन खरखरत होती. "जुन्या मॉरिसची किंमत मला पाठ आहे. तुम्ही मला दोन गोष्टी सांगा. सिनेमातली गाडी ती हीच का? आणि हिरॉईनबाईंनी स्वतः चालवली ती हीच का?"

"त्यानं किंमत बदलते?"

"बदलते म्हणजे? अहो, माझ्याकडे लोक येतात ना, परदेशी गाडीकडे ढुंकून बघत नाहीत. पण ज्या टॅक्सीत हिरो बसला होता तिच्यासमोर चपला काढून उभे राहतात. एकदा हात लावू का, विचारतात. आता ही हात लावण्याची किंमत तुमच्या पुस्तकात कुठे मिळणार?"

मला ते तेव्हा खुळ्यासारखं वाटलं. पुढे त्यांचं पत्र आलं, त्यात सगळं नीट लिहिलं होतं. सिनेमावाले एकासारख्या एक दोन-तीन गाड्या वापरतात, म्हणून नेमकी तीच गाडी असल्याचा पुरावा हवा. तिला नवा रंग, नवे पत्रे लावून नटवलेलं नको, तेव्हा होती तशीच हवी. आणि तिच्यात कोण बसलं, कोणी चालवली, याची खात्री हवी. धुरी या सगळ्याला 'गाडीची हिस्ट्री' म्हणत. सिनेमा साठच्या दशकातला, काळा-पांढरा. नाव मी इथे देत नाही, नायिकेचंही नाही. त्या पिढीच्या वाचकांना पुळणीवरचं ते गाणं आठवेलच. टप उघडलेली छोटी मोटार, ओहोटीचा समुद्र आणि एकटीच गाडी चालवत निघालेली नायिका. ते आमच्या पांढऱ्या समुद्रावर, म्हणजे रत्नागिरीच्या पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर चित्रित झालं होतं.

डॉक्टरांचं वय तेव्हा सत्तरीच्या घरात. काचबिंदूनं दृष्टी जवळजवळ गेलेली. समोर माणूस आहे एवढं कळे, कोण आहे ते आवाजावरून. दवाखाना बंद करून सहा वर्षं झाली होती आणि गाडीही तेव्हापासून गॅरेजमध्येच. मांडवीची खारी हवा लोखंडाला सोडत नाही. गाडीची फ्लोअर ठिकठिकाणी चाळणी झाली होती, टपाचं कापड हात लावलं की फाटत होतं.

"साळवी, मला गिऱ्हाईक शोधायचं नव्हतं हो," डॉक्टर म्हणाले. "पण माझ्या डोळ्यांदेखत तिचा भुगा होणार. डोळे नाहीत ते सोडा. वास येतो ना मला गंजाचा. कोणीतरी प्रेमानं सांभाळणार असेल तर जाऊ दे."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी कोकमाचं सरबत घेऊन आल्या. सगळी मांडवी त्यांना माई म्हणायची. साठीला टेकलेल्या, अंगानं बारीक, उंची जेमतेम पावणेपाच फूट. सरबत देताना त्यांनी माझ्या वहीकडे पाहिलं.

"काय मिळालं का गाडीत?"

"ठोकळे मिळाले, माई. पेडलांवरचे."

"हं," म्हणाल्या आणि रिकामा ग्लास न घेताच आत गेल्या.

चॅसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर, आरसी बुकाशी जुळला. इंजिनचा नंबरही जुळला. पण त्यानं एवढंच सिद्ध झालं, की ही डॉक्टरांची गाडी आहे. सिनेमातली तीच हे कसं ठरवायचं? नंबर प्लेट बघून कळलं असतं, पण सिनेमावाले खोटी प्लेट लावतात. एखादी खूण हवी होती. ती उजव्या बाजूच्या मागच्या मडगार्डवर सापडली. पत्र्याला ठिगळ लावलेलं होतं. पाच रिव्हेट, त्यातला मधला एक ओळ सोडून खाली घसरलेला.

"हे कधीचं, डॉक्टर?"

"शूटिंगच्या आदल्या वर्षीचं. दगडी गडग्याला घासली होती. इथल्याच लोहारानं मारलंय."

ते ठिगळ पडद्यावर दिसलं की माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळणार होतं. व्हिडिओ लायब्ररीत चौकशी केली. तिथे कॅसेट नव्हती, पण मालक कोल्हापूरहून मागवून देतो म्हणाला. आठ दिवसांनी एसटीच्या पार्सलातून आली. कॅसेटच्या वेष्टनावर नायक-नायिका शेजारी शेजारी उभे होते. नायिकेचं डोकं नायकाच्या कानापर्यंत पोचत होतं. चांगली उंच बाई. तिला ठोकळे कशाला?

मी गाडी पुन्हा तपासायला गेलो. चालकाची सीट अगदी पुढे ओढलेली होती आणि तिचे बोल्ट त्याच जागी गंजून घट्ट बसले होते. दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. मनात काही जुळत होतं, पण नुसत्या मनातल्या गोष्टीवर सर्व्हेअरला सही करता येत नाही.

मग एका शनिवारी सकाळी व्हीसीआर आणि टीव्ही भाड्यानं आणून डॉक्टरांच्या माजघरात मांडला. खरं तर मला कॅसेट घरी बघता आली असती. पण ठिगळाबद्दल शंका आली तर डॉक्टरांनाच विचारता येईल, असा माझा हिशेब होता. डॉक्टर खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ घेऊन कान देऊन बसले. माई मागे खांबाला टेकून.

"तुम्ही पाहिला असेल ना हा सिनेमा?" मी विचारलं.

"नाही," माई म्हणाल्या. "लागला होता गावात दोन महिने. मामंजी होते तेव्हा. योग आला नाही."

मी कॅसेट पुढे पळवत गाण्यापाशी आणली. आधी नायिकेचा चेहरा जवळून. हात स्टिअरिंगवर, केस उडतायत, मागे लाटा. मी धंद्यातला माणूस. स्टिअरिंग भलतीकडे फिरत होतं आणि लाटा भलतीकडे जात होत्या. उभ्या गाडीत बसवून काढलेलं चित्र होतं ते. मग लांबचं दृश्य आलं. सगळी पुळण, पाण्याची चकचकीत पट्टी आणि तिच्या कडेनं येणारी छोटी मॉरिस.

"आता डावीकडून येईल," डॉक्टर म्हणाले.

"आली," माई म्हणाल्या.

"वेग बरा आहे ना?"

"बरा आहे. पाण्यातून चाललीय थोडी. फवारा उडतोय."

गाडी कॅमेऱ्याजवळून गेली तसं मी पॉझचं बटण दाबलं. चित्र थरथरत थांबलं. मडगार्डवर ठिगळ होतं. टीव्हीला नाक लावून मी रिव्हेट मोजले. पाच. मधला घसरलेला. मी वहीत लिहिलं: गाडी तीच. पुन्हा बटण दाबलं.

गाडी पाण्याच्या कडेनं लांब गेली. मग उजवीकडे माडांच्या दिशेनं वळू लागली. वळण्याच्या आधी गाडीतून एक हात बाहेर आला. सरळ, खांद्याच्या रेषेत, तळवा पुढे. मनगटात बांगड्या. पुळणीवर चिटपाखरू नाही, मागे-पुढे गाडी नाही आणि चालवणारी व्यवस्थित हात दाखवून वळत होती.

डॉक्टर पुढे झुकले. "हात दाखवलास का?"

"दाखवला," माई म्हणाल्या.

गाणं चालूच होतं. पण खोलीतल्या आम्हा तिघांनाही कळलं होतं, की काय बोललं गेलं. 'दाखवला का' नव्हे. 'दाखवलास का'.

मी टीव्ही बंद केला. माईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

"इंदू, चुकलो मी," डॉक्टर म्हणाले.

"चुकलात कसले. वीस वर्षं पोटात ठेवलंत तेच खूप झालं."

मग डॉक्टरांनी सगळं सांगितलं. शूटिंगच्या आदल्या पावसाळ्यात ते चिऱ्यांच्या पायरीवरून घसरले आणि उजवा हात मोडला. व्हिजिट तर थांबवता येत नव्हत्या. म्हणून प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ते डाव्या सीटवर बसले आणि माईंना गाडी शिकवली. पाय पोचेनात, म्हणून सुताराकडून ठोकळे करून घेतले. चार महिने माई त्यांना घेऊन घरोघर फिरल्या. गाव बघायचं. सासरे बोलायचे नाहीत, पण जेवताना पानावरून नजर वर करायचे नाहीत.

"उजवीकडचा इंडिकेटर अडकायचा," डॉक्टर म्हणाले. त्या काळच्या गाड्यांना दिव्याऐवजी दाराशेजारून बाहेर येणारा छोटा दांडा असे. "म्हणून तिला पहिला धडा दिला, वळायच्या आधी हात. रस्त्यावर कोणी असो, नसो."

पुढे शूटिंगवाले आले. नायिकेला गाडी येत नव्हती. त्यांच्या ड्रायव्हरला साडी नेसवून बघितलं, तर त्यानं दोनदा गाडी वाळूत रुतवली. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. "तेव्हा मीच म्हणालो, माझी बायको चालवते. ओहोटीला वाळू कुठे घट्ट असते ते तिला ठाऊक आहे. सकाळी सहाला, गर्दी व्हायच्या आत, एका दमात काढलं त्यांनी. नंतर त्यांचा मॅनेजर आला. म्हणाला, बाईंनी स्वतः गाडी चालवली असं सगळीकडे छापून येणार आहे, कृपा करून कोणाला सांगू नका. मी शब्द दिला."

"आणि मामंजींना कळलं असतं तर घरात काय झालं असतं ते वेगळंच," माई म्हणाल्या.

मी वही मिटली. "डॉक्टर, आता माझी पंचाईत आहे. धुरींनी दुसरा प्रश्न सरळ विचारलाय. बाईंनी चालवली का? मी हो लिहू शकत नाही."

"मग काहीच लिहू नका."

"रकाना कोरा ठेवला तरी ते उत्तरच झालं."

माई म्हणाल्या, "खरं ते लिहा. तुमच्या सहीला बट्टा नको. पण माझं नाव नको घालायला. या वयात गावभर चर्चा कशाला?"

मी तसंच लिहिलं. 'गाडी सिनेमातली आहे. लांबच्या दृश्यांत ती नायिकेने चालवलेली नाही, स्थानिक चालकाने चालवली आहे.' आणि पत्र पोचायच्या आधी धुरींना फोन केला. खोटी आशा जितका वेळ राहील तितका त्रास जास्त, हा माझा अनुभव.

त्यांनी मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं.

"साळवीसाहेब, तुम्हाला खात्री आहे?"

"आहे."

"मी रविवारी येतो."

आले ते पांढरा शर्ट, पांढरी पँट, डोक्यावर थोडे केस आणि हातात मिठाईचा पुडा घेऊन. वय पन्नाशीचं. आधी गॅरेजमध्ये गेले. गाडीसमोर नुसते उभे राहिले. मग खरोखरच चपला काढल्या आणि उजव्या बाजूच्या दारावर तळवा ठेवला. मी दुसरीकडे पाहिलं. माणूस देवळात असताना त्याच्याकडे बघू नये, तसं वाटलं.

पडवीत बसल्यावर मात्र ते मुद्द्यावर आले. "डॉक्टरसाहेब, तुमच्यावर राग नाही. पण माझं मन मानत नाही. मी तो सिनेमा अकरा वेळा बघितलाय. त्यात ती वळताना हात दाखवते ना..." त्यांनी बसल्या बसल्या उजवा हात बाहेर काढला. "तिथे कोणी नाही. कोणासाठी दाखवते? मी तेव्हा कारखान्यात साधा कामगार होतो. मला वाटायचं, किती शहाणी, किती आपल्या जागी असलेली बाई. घाबरलेली नाही, मिरवत नाही. गाडी तिच्या ताब्यात आहे. पुढे मला दोन मुली झाल्या. दोघींना अठरा पूर्ण होताच गाडी शिकवली. बायको म्हणाली, कशाला? मी म्हटलं, तो हात बघितलाय मी. आता साळवीसाहेब म्हणतात, तो कुठल्यातरी ड्रायव्हरचा."

माई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. कधी आल्या ते कळलं नव्हतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"तो हात माझा," त्या म्हणाल्या.

धुरींनी माईंच्या हाताकडे पाहिलं. डॉक्टरांची मान आवाजाच्या दिशेनं वळली. "इंदू, आपण शब्द दिला होता."

"शब्द तुम्ही दिला होतात. मला कोणी विचारलंच नव्हतं."

हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. पण वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी मनात पुष्कळदा म्हटलं असावं, इतकं ते सहज बाहेर पडलं. डॉक्टरांनी मान खाली घातली. म्हणाले, "खरं आहे. विचारायला हवं होतं." आणि हात पुढे केला. माईंनी चारचौघांत तो धरला नाही, पण जवळ सरकून त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

धुरी अजून त्या हाताकडेच पाहत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "बांगड्या कसल्या होत्या?"

"काचेच्या. माझ्याच. त्यांनी बाईंच्या सोन्याच्या दिल्या होत्या, पण माझ्या मनगटावरून निसटायला लागल्या."

"रंग?"

"हिरवा."

"हिरवा," धुरी म्हणाले. "मी इतकी वर्षं लाल समजत होतो." आणि खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

मग त्यांनी स्पष्ट बोलायला सुरुवात केली, त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटलं. "माई, मी व्यापारी माणूस. खोटं बोलणार नाही. गाडी मला पाहिजे. पण बाईंनी चालवली असती तर जी किंमत दिली असती ती नाही देता येणार. लोक नावाला भुलतात. माझ्यापुरतं विचाराल तर आज तिची किंमत वाढली. पण उद्या मला ती विकायची वेळ आली तर समोरचा तुमचं नाव विचारणार नाही."

"तुम्ही साळवींना विचारून ठरवा," माई म्हणाल्या. "आम्हाला मान्य. फक्त एक करा. न्यायच्या आधी ती चालू करा. यांना आवाज ऐकू दे."

मी दोन्ही बाजूंना पटेल असा आकडा काढला. नुसत्या जुन्या मॉरिसपेक्षा बराच जास्त, धुरींच्या पहिल्या बोलीपेक्षा बराच कमी. दोघांनीही घासाघीस केली नाही.

माझ्या ओळखीचा मेकॅनिक उस्मान दहा दिवस गॅरेजमध्ये ठाण मांडून बसला. पेट्रोलची टाकी धुतली, कार्ब्युरेटर साफ केला, ब्रेकचे रबर बदलले. धुरींची ताकीद होती, की चालण्यापुरतं करा, दिसण्यापुरतं काही करू नका. ठोकळ्यांबद्दल मी मुद्दाम फोन करून विचारलं. मूळ गाडीतले नाहीत, काढू का? "साळवीसाहेब," ते म्हणाले, "ठोकळे काढलेत तर गाडी परत घेऊन जा म्हणेन."

अकराव्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं. आधी खोकलं, धूर ओकलं, मग एका लयीत चालायला लागलं. डॉक्टर बॉनेटवर हात ठेवून उभे होते. "तिसरा सिलिंडर जरा अडखळतोय," म्हणाले. उस्माननं प्लग काढून पाहिला. खरंच तिसराच.

न्यायच्या दिवशी धुरी ट्रक घेऊन आले. ट्रकचा मागचा फाळका उघडून तो अंगणाकडेच्या चिऱ्यांच्या बांधाला लावला आणि मधे सागाच्या दोन जाड फळ्या टाकल्या. धुरींचा ड्रायव्हर मॉरिसमध्ये बसला. सहा फुटी गडी. पुढे ओढलेली सीट मागे जाईना, गुडघे स्टिअरिंगला लागत होते आणि ठोकळ्यांमुळे क्लच कुठे सुटतो ते त्याला कळेना. दोनदा गाडी फळ्यांच्या तोंडाशी बंद पडली. तिसऱ्यांदा एक चाक फळीच्या कडेवर गेलं आणि आम्ही सगळे ओरडलो. तो घामाघूम होऊन उतरला. मी पुढे झालो.

"तुमचेही पाय लांबच आहेत," मागून माई म्हणाल्या. "सरका."

"माई, किती वर्षं झाली चालवून?"

"दवाखाना बंद केला तेव्हा शेवटची चालवली होती. सहा झाली असतील."

त्यांच्या लायसन्सची मुदतही केव्हाच संपलेली असणार. पण अंगण खाजगी होतं, म्हणून मी तो विषय काढला नाही. डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बसू दे तिला."

माईंनी पदर खोचला आणि बसल्या. सीट त्यांच्याच मापाची होती. गाडी मागे घेतली, सरळ केली, थांबल्या. फळ्यांकडे एकदा नीट बघितलं. मग पहिला गिअर टाकून, न थांबता, न घाई करता गाडी वर घेतली. फळ्या वाकल्या, करकरल्या. पुढची चाकं ट्रकमध्ये, मग मागची. इंजिन बंद झालं. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला.

"गेली का वर?" डॉक्टरांनी विचारलं.

"गेली," मी म्हटलं. "एका दमात."

माई लगेच उतरल्या नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिल्या. कोणीही घाई केली नाही. ट्रकवाल्यानंसुद्धा बिडी पेटवली आणि तो समुद्राकडे बघत उभा राहिला.

पुढे तीनेक वर्षांनी मुंबईला कामासाठी गेलो तेव्हा धुरींच्या कारखान्यात डोकावलो. मागच्या शेडमध्ये चार गाड्या होत्या. मॉरिसच्या पुढे पाटी होती, माईंना पत्रानं विचारून लावलेली. वर मोठ्या अक्षरांत सिनेमाचं नाव, खाली नायिकेचं नाव आणि त्याखाली तितक्याच मोठ्या अक्षरांत: 'पुळणीवर गाडी चालवणार – सौ. इंदिरा लिमये, मांडवी, रत्नागिरी.' मी अर्धा तास तिथे होतो. तेवढ्या वेळात आलेल्या पाहुण्यांपैकी बहुतेक वरच्या दोन ओळी वाचून पुढे गेले. धुरींच्या धाकट्या मुलीनं मात्र मला सांगितलं, की ती रोज गाडी पुसते तेव्हा खालून वाचायला सुरुवात करते. मी रत्नागिरीला परतल्यावर हे माईंना सांगितलं. डॉक्टर त्याआधीच वारले होते. माई म्हणाल्या, "पाटी लिहिणाऱ्यानं 'चालवणार' लिहिलंय? 'चालवणाऱ्या' पाहिजे." आणि हसल्या.

अपघाताच्या क्लेम फॉर्मवर पहिला प्रश्न असतो, गाडी कोण चालवत होतं? तीस वर्षं तो मी विचारला. अपघात झालेला असेल तर लोक चटकन दुसऱ्याचं नाव सांगतात. पण गाडी नीट चाललेली असेल, तर तो प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्याचा फॉर्मच नसतो. तेव्हापासून मी एवढंच केलं, की फॉर्म नसला तरी तो प्रश्न विचारायचा. उत्तर लगेच मिळालं नाही, तर थोडा वेळ बसून राहायचं.